खारूचं म्हणणं

मुलांच्या हक्कांचा कायदा मंजूर झाला त्या दिवशी सभागृहात एकही मत विरोधात पडलं नाही. एरवी एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेली माणसं उभी राहून बाकं वाजवत होती. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. शिक्षकांच्या खोलीतल्या टीव्हीसमोर मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत आम्ही सगळे दाटीवाटीने उभे होतो. देशाने शब्द दिला होता की यापुढे मुलांच्या आयुष्याचा कुठलाही निर्णय मुलांना विचारल्याशिवाय होणार नाही. माझ्या शेजारच्या गणिताच्या बाई चक्क रडल्या. मीही रडले असते, पण मला तास होता.

शब्द दिला की तो पाळायला माणसं लागतात. पहिल्या तुकडीत चाळीस जणांची निवड झाली, त्यात मी होते. तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं आणि शाळा सोडून मी कौटुंबिक न्यायालयात रुजू झाले. हुद्दा होता ‘बालकाचे म्हणणे नोंदवणारी अधिकारी’. आमचे हे म्हणाले, “एवढं पाटीवर मावायचं नाही. आधी दार रुंद करून घे.”

तळमजल्यावरची जुन्या रद्दीची खोली रिकामी करून तिथे बालकक्ष केला होता. भिंतींना पिवळा रंग, बुटक्या खुर्च्या, खेळण्यांचं एक कपाट आणि समोरच्या भिंतीवर कायद्याचं पहिलं कलम मोठ्या अक्षरांत. रद्दीचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. आईवडील वेगळे होत असले की मूल माझ्याकडे यायचं. मी पाऊण तास बोलायची आणि त्याचं म्हणणं छापील तक्त्यात भरायची. तक्त्याच्या तळाशी तीन चौकटी होत्या : आईकडे, वडिलांकडे, सांगता येत नाही. तिसऱ्या चौकटीत फार खुणा झाल्या की वरून विचारणा यायची, की मुलांना बोलतं करायला तुम्ही कमी पडता का.

मी कमी पडत नव्हते. मुलं माझ्याशी बोलायची. पंधरा वर्षं वर्ग सांभाळलेली बाई होते मी, रुसलेल्या पोराला कसं बोलतं करायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. खरं सांगायचं तर मला त्याची घमेंडच होती.

दुसऱ्या वर्षी खारू आली. नऊ वर्षांची, हडकुळी, दोन घट्ट वेण्या. वडील लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. आई पाव-बिस्किटांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होती, उजाडायच्या आत घराबाहेर पडणारी. दोघं वर्षभर वेगळे राहत होते. मुलगी आईजवळ असायची, एका आठवड्याआड सुट्टीला वडिलांकडे जायची. दोघांनाही ती कायमची हवी होती. दोघांपैकी एक जरी वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण वडील बोलायला मऊ होते, आणि आई कामावरून थेट आलेली, बाह्यांवर पीठ तसंच, बाकाच्या दुसऱ्या टोकाला पर्स घट्ट धरून बसलेली.

“तुला खारू का म्हणतात गं?” मी विचारलं.

तिने दोन्ही गाल फुगवून दाखवले. मग फ्रॉकच्या खिशातून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. पेन्सिलीचा तुकडा, दोन बटणं, पावाची वाळलेली कड. “मी साठवते,” ती म्हणाली. “लागलं तर असावं.”

मला हसू आलं, तीही हसली. पुढचं सोपं झालं. शाळा, मैत्रिणी, वडिलांच्या खोलीतली खिडकी, सगळ्यावर ती घडाघडा बोलली. आईचा विषय आला तशी गप्प झाली.

“आईकडे काय करतेस तू?”

“मी आईला सांभाळते.”

“म्हणजे कसं गं?”

“ती कामावरून येते आणि तशीच झोपते. कधीकधी रडते. मी पाणी देते. रडली की मी तिला गोष्ट सांगते, मग थांबते. सकाळी ती जाते तेव्हा मी जागी असते, पण डोळे मिटून ठेवते, नाहीतर तिला वाईट वाटतं.” तिने बटणं एकावर एक रचली. “आईला सांभाळून मी दमते मावशी.”

“आणि बाबांकडे?”

“तिथे दमायला होत नाही.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं नाही, टिपणं काढत राहिले. तिने ते पाहिलं.

“हे आईला कळेल का?” तिने विचारलं. “तिला वाटेल, ती मला आवडत नाही.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “नाही गं. हे तुझ्यामाझ्यात.”

एवढंच म्हणाले. इंजेक्शन देताना नर्स ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणते ना, तशी म्हणाले. मूल मोकळं झालं, खांदे खाली आले, मला बरं वाटलं. ती गेल्यावर मी तक्ता भरला. ‘बालकाचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत’ अशी सूचना होती, तशी मी ‘आईला सांभाळून मी दमते’ हे अवतरणचिन्हांत लिहिलं. खाली दुसऱ्या चौकटीत खूण केली, वडिलांकडे.

आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. खारू यायच्या पंधराच दिवस आधी एक परिपत्रक आलं होतं, की नोंदीची प्रत दोन्ही पक्षांच्या वकिलांना द्यावी. मी ते वाचलं होतं. ‘वाचले’ म्हणून खाली सहीही केली होती. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला माहीत होतं, आणि तरी मी त्या मुलीला तसं म्हणाले.

सुनावणीला न्यायाधीशांची खोली भरलेली नव्हती. दोन वकील, आईवडील, लेखनिक आणि मी. खारू बाहेर बाकावर बसली होती. वडिलांच्या वकिलाने प्रत काढली आणि वाचायला सुरुवात केली. तो काही दुष्ट माणूस नव्हता, पण त्याचा आवाज कमावलेला होता. “‘आईला सांभाळून मी दमते,’” त्याने वाचलं, आणि अर्थ नीट पोचावा म्हणून पुन्हा एकदा वाचलं. वडील मान खाली घालून बसले. त्यांनाही ते ऐकवलं नाही.

आईने आधी वकिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा वकील उठायला लागला तशी तिने त्याच्या कोटाची बाही ओढली. स्वतः उभी राहिली.

“मुलगी म्हणते ते बरोबर असेल,” ती म्हणाली. “तिला जाऊ दे त्यांच्याकडे. मला भांडायचं नाही.”

न्यायाधीश म्हणाले, “घाई करू नका. आठ दिवस घ्या, विचार करा.” ती ‘बरं’ म्हणाली आणि बाहेर पडली. मी मागोमाग गेले. काय सांगणार होते कुणास ठाऊक. बाकावरून खारू उठली होती. आई तिच्यासमोर वाकली, तिच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, “दमलीस होय गं मला सांभाळून? बरं. आता आराम कर.”

ओरडली नाही, रडली नाही. निघून गेली. खारूने माझ्याकडे पाहिलं. तिने काही म्हटलं असतं तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. ती मात्र दोन्ही हात खिशात घालून वडिलांची वाट बघत राहिली.

पुढच्या तारखेला आई आलीच नाही. निकाल नोंदीप्रमाणे लागला. फाइलीवर न्यायाधीशांनी शेरा मारला : ‘बालकाच्या मताचा पूर्ण आदर करण्यात आला आहे.’

सहा महिन्यांनी पाहणीसाठी मी वडिलांच्या घरी गेले. खोली नीटनेटकी, मुलीला वेगळं टेबल, भिंतीवर वेळापत्रक. आई सुरुवातीला दोनदा भेटायला आली होती, मग तिने दुसऱ्या गावी काम धरलं. वडील म्हणाले, “अभ्यासात चांगली आहे. पण विचारलं तेवढंच बोलते. सिनेमाला जायचं की बागेत, विचारलं तर म्हणते, तुम्ही सांगा.”

खारू टेबलाशी बसली होती.

“शाळा कशी आहे?”

“ठीक आहे.”

“जेवण, झोप?”

“ठीक आहे.”

“आईची आठवण येते का?”

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. “हे पण लिहिणार का?”

“हो.”

“मग ठीक आहे, असं लिहा.”

मी तसं लिहिलं.

परत आले ती थेट अधीक्षकांच्या टेबलाशी गेले. त्यांना सगळी कचेरी फाइलबुवा म्हणायची, कारण कायद्याचं कुठलंही कलम त्यांना तोंडपाठ होतं. मी म्हणाले, मुलं जे विश्वासाने सांगतात ते दोन्हीकडच्या वकिलांना का द्यायचं? फाइलबुवांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, कायद्यात ‘ऐकून घ्यावे’ असं आहे. ‘गुप्त ठेवावे’ कुठे आहे ते दाखवा, मी आजच आदेश काढतो.” ते चेष्टा करत नव्हते. खरंच नव्हतं ते कायद्यात. एवढा मोठा शब्द देताना एवढं बारीक राहून गेलं होतं.

मग मी माझ्यापुरती पद्धत बदलली. मूल बसलं की आधीच सांगायची, “तू बोलशील ते मी लिहीन, आणि ते आईबाबांना वाचायला मिळेल. नको असेल ते सांगू नकोस.” झालं, मुलं गप्प बसायला लागली. माझ्या तिसऱ्या चौकटीत खुणांची रांग लागली. वर्षभराने लेखी समज आली की कामात शैथिल्य दिसते. मी उत्तर पाठवलं, त्याचंही उत्तर आलं. नियम बदलावा म्हणून दोनदा प्रस्ताव पाठवला, दोनदा परत आला. सातव्या वर्षी नियम बदलला खरा, पण माझ्यामुळे नाही. दुसऱ्या कुठल्यातरी शहरातल्या मुलाचं प्रकरण वर्तमानपत्रात गाजलं म्हणून. आता मुलाने ‘हे राहू दे’ म्हटलेलं एकट्या न्यायाधीशांनाच दिसतं. चांगला नियम आहे. खारूला त्याचा काही उपयोग नव्हता.

कायद्याला दहा वर्षं झाली तेव्हा पहिल्या चाळीस जणांचा सत्कार झाला. मोठं सभागृह, फुलं, प्रमाणपत्र. मुलांना विचारल्याशिवाय त्यांचं काही ठरवणार नाही, अशी प्रतिज्ञा सगळ्यांनी उभं राहून म्हटली. माझेही ओठ हलत होते. घरी आल्यावर ह्यांनी प्रमाणपत्र कुठे लावायचं विचारलं. मी म्हणाले, राहू दे कपाटात. मग त्यांना सगळं सांगितलं, त्या परिपत्रकासकट. त्यांनी प्रमाणपत्र कपाटात ठेवलं. मग म्हणाले, “त्या मुलीला सांगितलंस का हे?”

निवृत्त होईपर्यंत मला ते धाडस झालं नाही. निवृत्तीनंतरही तीन-चार महिने मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. शेवटी एकदा वडिलांच्या त्याच जुन्या पत्त्यावर गेले. त्यांनीच दार उघडलं. केस पांढरे झाले होते, पण मला ओळखलं.

“तिला त्रास नाही ना होणार?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. त्यांनी तरी पत्ता दिला.

खारू आता तेवीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात आतल्या बाजूला काचा घासून फ्रेमला बसवायचं काम करायची. मी गेले तेव्हा दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. तिने मशीन बंद केलं, हात पुसले. मी नाव-गाव सांगायच्या आधीच म्हणाली, “तुम्ही पिवळ्या खोलीतल्या.”

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. की मी खोटं बोलले होते, मला माहीत होतं, आणि मी माफी मागायला आले आहे. तिने स्टूल पुढे सरकवलं.

“बसा. मला ठाऊक होतं तुम्ही लिहिताय. माझ्यासमोरच तर लिहीत होतात.”

“मग तू बोललीस का?”

ती एका काचेवरचा डाग बघत राहिली. “मला वाटलं, मोठ्या माणसांना सांगितलं की ती काहीतरी करतात. आईला कोणीतरी मदत करेल. डॉक्टरकडे नेतील, नाहीतर तिची पाळी बदलून देतील. मी बाबांकडे राहायचं असं म्हटलंच नव्हतं. मी तुम्हाला आईबद्दल सांगत होते.”

मी स्टुलावर बसले. इतकी वर्षं मी शब्द मोडल्याबद्दल झुरत होते. तिचं म्हणणं मला कळलंच नव्हतं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मूल मदत मागत होतं आणि मी चौकट शोधत होते.

“आई भेटते का?” मी विचारलं.

“वर्षातून दोनदा जाते मी. पाहुणीसारखं वागवते. मला पाण्याचा पेला उचलू देत नाही.” तिने खांदे उडवले. “मी सांगितलंय तिला, मला काय म्हणायचं होतं ते. तिला नाही पटत. म्हणते, कोर्टात तर लेखी होतं.”

“मग मी लेखी देते,” मी म्हणाले. “तुझी हरकत नसेल तर. नको म्हणालीस तर नाही देणार.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “लिहा. पण मी आधी वाचणार.”

घरी जाऊन मी चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. सरकारी भाषा हाडीमांसी भिनलेली, सुटता सुटत नव्हती. शेवटी एक पान झालं. त्यात परिपत्रकाचं लिहिलं, चौकटीचं लिहिलं, मुलीला काय म्हणायचं होतं ते लिहिलं. ते पान घेऊन दुकानात गेले. खारूने काउंटरवर कागद ठेवून वाचला, मग माझ्याच पेनने एक ओळ खोडली. मी लिहिलं होतं, ‘मुलीचे आईवर अतोनात प्रेम होते.’

“हे मी म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली. “बाकी बरोबर आहे.”

मी सही केली. पोस्टाने पाठवायला मन धजेना, म्हणून स्वतःच निघाले. तीन तासांचा बसप्रवास होता. आई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिथेच मागच्या खोलीत राहत होती. खोलीत एक पलंग, एक खुर्ची. मला खुर्चीवर बसवून ती पलंगावर बसली. कागद खिडकीकडे धरून तिने सावकाश वाचला, खोडलेल्या ओळीसकट.

“ही ओळ कुणी खोडली?”

“तिने.”

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कागदाची घडी करून तिने मांडीवर ठेवली.

“फार उशीर केलात बाई,” ती म्हणाली.

“हो.”

“मला तुमचा राग होता. अजून आहे. पण एक सांगते. त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा पोर समोर उभी होती. तिला विचारता आलं असतं मला, असं का म्हणालीस म्हणून. एवढीशी होती, सांगितलं असतं तिने. मी विचारलंच नाही. तुमचा कागद ऐकला आणि पोरीला विचारायचं राहून गेलं.” तिने तळहाताने मांडीवरचा कागद सपाट केला. “पुढे ती सांगायला आली तेव्हा मी म्हणाले, आता कशाला. आठवडाभर बरं वाटलं मला तसं म्हणून. मग नाही वाटलं.”

बाहेर स्वयंपाकघरात कुणीतरी मोठमोठी पातेली घासत होतं.

निघाले तशी ती बसथांब्यापर्यंत सोबत आली. बस लांबून दिसायला लागली तेव्हा म्हणाली, “त्या दुकानाला सुट्टी कोणत्या वारी असते?”

“मी विचारलं नाही,” मी म्हणाले. “दुकानाचा फोन नंबर आहे माझ्याजवळ.”

तिने पिशवीतून पेन काढलं, पण कागद नव्हता. मी लिहून दिलेलं पान तिने उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, मी सांगत गेले तसा, एकेक आकडा लिहून घेतला.